उसाच्या राखणदाराचा खुराक



ऊस नोंदणीसाठी मंठा भागात आम्ही फिरतो तेव्हा वस्तीवर पहिला आवाज कुत्र्याचाच येतो. रात्री उसात रानडुकरं शिरली, की मालकाच्या आधी तेच उठतं. पण त्याच्या पुढ्यात काय पडतं बघा: शिळी भाकरी आणि उरलेला रस्सा. म्हणून या अंकात लागवडीचा विषय बाजूला ठेवून राखणदाराच्या खुराकाविषयी लिहीत आहोत.

उसाला नुसता युरिया टाकला तर पाला हिरवा दिसतो; स्फुरद-पालाशाची उणीव त्याने भरून निघत नाही. नुसत्या भाकरीचं तसंच आहे. माणसाच्या संगतीत राहून कुत्र्याला पिठूळ अन्न पचवता येऊ लागलं, त्यामुळे भाकरी वाईट नाही. पण ज्वारीत प्रथिने शेकडा 10 च्या आसपास असतात, तर मोठ्या कुत्र्याच्या कोरड्या आहारात ती किमान शेकडा 18 धरतात. वाढत्या पिलाला व व्यालेल्या कुत्रीला त्याहून जास्त लागतात. पोट भरतं, अंग भरत नाही, ते यामुळे.

ही उणीव घरच्याच जिनसांनी बरीच भरून काढता येते. उकडलेल्या एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. मुगाची किंवा तुरीची डाळ मऊ शिजवून, मीठ-तिखट न घालता भाकरीत कुस्करावी. सोयाबीन आपल्याकडे पिकतंच. पण ते कच्चं कधीही देऊ नये, चांगलं शिजवूनच द्यावं. जमेल तेव्हा उकडलेलं, हाडं काढलेलं मटण किंवा कोंबडी द्यावी. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या कपच्या आतड्याला भोसकतात. लाल भोपळा किंवा गाजर उकडून थोडं मिसळल्यास पोट साफ राहतं. मोठ्या कुत्र्याला दूध पुष्कळदा पचत नाही. त्यापेक्षा थोडं ताक बरं. नवीन जिन्नस एका वेळी एकच, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा आणि त्या मानाने भाकरी कमी करावी.

आता रश्शाचं. त्यात कांदा-लसूण असतो. या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशी फुटतात, आणि शिजवूनही तो दोष जात नाही. वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. 15 किलोच्या कुत्र्याला हे 75 ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा झाला. द्राक्षे व मनुके मूत्रपिंड निकामी करू शकतात. गूळ आपल्याच उसाचा असला तरी कुत्र्याला त्याची गरज नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. बकरं कापलं की कच्चं काळीज, फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची सवय आहे. त्या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या कुत्र्याच्या पोटात गेल्या, की दीड-दोन महिन्यांत बारीक पट्टकृमी तयार होतात व त्यांची अंडी विष्ठेतून पडतात. ती हाताला, कोथिंबिरीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात जातात आणि पुढे आपल्याच यकृतात, फुफ्फुसात तशा गाठी वाढतात. कुत्र्याशी खेळणाऱ्या लेकरांना हा धोका अधिक.

आइसलंड देशात हा रोग एके काळी फार होता. 1864 साली हॅराल्ड क्रॅबे यांची या रोगावरील साध्या भाषेतील पुस्तिका छापून लोकांत वाटली गेली; पुढे कायदेही झाले. गाठी असलेले अवयव कुत्र्याला मिळू न देणे आणि कुत्र्यांना जंताचे औषध देणे, या मार्गाने तिथे रोग हटला. दोन्ही गोष्टी आपल्यालाही जमण्याजोग्या आहेत.

तेव्हा गाठी दिसणारा अवयव खोल पुरावा किंवा जाळावा. निरोगी काळीजही पूर्ण शिजवून, आठवड्यातून एखाद्या वेळी थोडंसंच द्यावं. जंताचे औषध व पिसाळीची लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्यावी. कुत्र्याला हात लावल्यावर लेकरांचे हात साबणाने धुवावेत. आमचे गटातील कर्मचारी नोंदणीस येतील तेव्हा राखणदाराचीही चौकशी करतील.

— ऊस विकास विभाग