शंभर येनची ताटली आणि तिच्यामागील हिशेब

सांगलीहून इस्लामपूरकडे जाताना लागणारे आष्टा हे ऊस, हळद आणि व्यापाराच्या परिसरातील शहर. येथील पेढीवर बसणाऱ्या पिढीच्या कानावरही ‘सुशी’ हा शब्द आता पडू लागला आहे. मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात, काही नोकरीनिमित्त परदेशी पोहोचतात आणि सहकाऱ्यांसोबत कोपऱ्यावरच्या स्वस्त सुशीच्या दुकानात बसण्याचा प्रसंग येतो. घरून पहिला प्रश्न येतो, “तिथे खाण्यासारखे काय मिळते?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी हा व्यवसाय उभा कसा राहिला, हे पाहणे व्यापारी कुटुंबांना उद्बोधक ठरेल.

गाळातून उभी राहिलेली पेढी

सुशी म्हणजे मासा, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सुशीचा प्राण आहे तो आंबवलेला किंवा आंबट केलेला भात. प्राचीन काळी मासे टिकवण्यासाठी ते भातात मुरवत आणि भात टाकून देत. पुढे भातच मुख्य झाला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो, म्हणजे आजच्या टोकियोमध्ये, हाताने वळलेली सुशी रस्त्यावरील ठेल्यांवर विकली जाऊ लागली. ते कष्टकऱ्यांचे झटपट खाणे होते. त्याला प्रतिष्ठा नंतर आली.

या ठेल्यांना स्वस्त आंबटपणा पुरवला तो हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या मद्य उत्पादकाने. १८०४ साली त्याने मद्य गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून सिरका बनवण्याचा उद्योग आरंभला. ती पेढी ‘मिझकान’ या नावाने आजही चालू आहे. टाकाऊ वस्तूत बाजार पाहणारी ही दृष्टी कोणत्याही व्यापाऱ्याला सहज उमगेल.

फिरता पट्टा

दुसरे महायुद्ध संपले तरी चांगली सुशी सामान्यांच्या आवाक्याबाहेरच होती. ओसाकाजवळील लहान कारखान्यांच्या वस्तीत योशिआकी शिराइशी यांचे छोटे दुकान होते. गिऱ्हाईक भरपूर, वाढणारे हात मात्र अपुरे. एका कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना युक्ती सुचली आणि १९५८ मध्ये हिगाशी-ओसाका येथे फिरत्या पट्ट्याचे पहिले सुशी दुकान सुरू झाले. पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर ठरला. त्याहून संथ असेल तर गिऱ्हाईक कंटाळते, जलद असेल तर बिचकते. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात हा प्रकार झळकला आणि देशभर पसरला.

या दुकानाचा हिशेब साधा आहे. गिऱ्हाईक समोरून जाणारी ताटली स्वतः उचलते. ताटलीच्या रंगावरून किंमत कळते आणि शेवटी रिकाम्या ताटल्या मोजल्या की बिल तयार. वाढप्यांचा खर्च कमी आणि बैठका लवकर रिकाम्या होत असल्याने उलाढाल मोठी. म्हणूनच मोठ्या साखळ्यांना दोन सुशींची एक ताटली १०० येनमध्ये, म्हणजे ढोबळमानाने ५५ ते ६० रुपयांत, वर्षानुवर्षे देता आली. ‘नफा थोडा, खप मोठा’ हे आपल्या पेठेतील जुने सूत्रच तेथे यंत्रावर चढवलेले दिसते.

सूत्रालाही मर्यादा असतात. कच्चा माल महागला, येनचे मूल्य घसरले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘सुशिरो’ या आघाडीच्या साखळीनेही १०० येनच्या ताटलीला निरोप दिला. पुढच्याच जानेवारीत तिच्या गिफू येथील दुकानात एका तरुणाने सोयासॉसची बाटली व पेला चाटल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. मूळ कंपनीच्या समभागाचा भाव एका दिवसात सुमारे ५ टक्क्यांनी उतरला. त्यानंतर अनेक दुकानांनी उघडा पट्टा थांबवून केवळ मागवलेलाच पदार्थ गिऱ्हाइकापर्यंत पाठवण्याची पद्धत स्वीकारली. ज्या व्यवसायात अनोळखी माणसे एकाच पट्ट्यावरून खातात, तेथे खरे भांडवल म्हणजे विश्वास.

आपल्या ताटाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मासा वगळला की सुशी शाकाहारी झाली, असे मानणे घाईचे ठरेल. काकडीची गुंडाळी, तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला भात, दुधीसारख्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्यांची गुंडाळी हे प्रकार वरकरणी निर्दोष दिसतात. परंतु टोफू आणि भोपळ्याच्या पट्ट्या बहुधा वाळवलेल्या माशाच्या अर्कात व गोड मद्यात शिजवतात. सिरका मद्यार्कातून तयार होतो. गुंडाळीभोवतीचे काळे पान समुद्री शेवाळाचे असते आणि शेवाळाची गणना अनंतकायात होते. सोबतचे आले हे कंदमूळ. हिरवी तिखट चटणी स्वस्त दुकानांत बहुधा एका तिखट मुळापासूनच बनते. सुरी आणि फळी माशांसाठी वापरलेलीच असण्याचा संभव राहतो. आपल्याकडील हिरव्या ठिपक्यासारखे सक्तीचे शाकाहारी चिन्ह जपानमध्ये नाही.

म्हणजेच काटेकोर नियम पाळणाऱ्यास अशा दुकानात मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या शेंगा, चिरलेली फळे आणि चहा एवढ्यावरच समाधान मानावे लागते; शेंगांबाबतही विचारून घेतलेले बरे. मात्र त्यासाठी सोबत नाकारण्याचे कारण नाही. बहुतेक साखळी दुकाने दुपारभर उघडी असतात, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी उठणे शक्य होते. आपला नियम आरंभीच सौम्यपणे सांगितला की सहकारी तो लक्षात ठेवतात. अर्धवट सांगून मागाहून ताटली सरकवणे अधिक अवघड जाते.

या वाटेने आधीची पिढीही गेली आहे. मोत्यांच्या व्यापारानिमित्त कोबे शहरात स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी तेथे १९८५ मध्ये महावीर स्वामींचे संगमरवरी मंदिर उभारले. व्यापार परक्या देशाशी, आचार आपला, ही सांगड त्यांनी माशांच्या देशात घातली.

घरी हौस भागवायची असल्यास मार्ग सोपा आहे. किंचित चिकट इंद्रायणी तांदळाचा भात, त्यात लिंबाचा रस, मीठ व साखर, आत काकडी किंवा ढोबळी मिरची आणि शेवाळाऐवजी सोयाबीनचे पातळ पान किंवा नुसतीच घट्ट वळलेली मूद. परदेशी निघालेल्या मुलाच्या सामानात पापड-मेतकुटासोबत आणखी एक गोष्ट द्यावी: आपण काय खात नाही, हे जपानी भाषेत लिहिलेले एक कार्ड. दुकानातील आचाऱ्याला ते दाखवले की निम्मे काम होते.