मामाच्या वळणावर गेलेली अश्मरी

काही वर्षांपूर्वी, ऐन ग्रीष्मात, छत्रपती संभाजीनगर येथील माझ्या चिकित्सालयात आठ वर्षांचा एक मुलगा आला. उदरशूल, सरक्त मूत्रप्रवृत्ती आणि सोनोग्राफीत दोन्ही वृक्कांत बारीक खडे. वरुणादि क्वाथ, गोक्षुरादि गुग्गुळ व भरपूर जलपान अशी योजना केली. उपशय मिळाला, परंतु सहा महिन्यांत खडे पुन्हा झाले आणि मीही तीच योजना पुन्हा केली. तिसऱ्या खेपेस सोबत आलेली आजोळची आजी सहज म्हणाली, "पोरगं मामाच्या वळणावर गेलंय. त्यालाबी लहानपणापासून खडंच. आता डायलिसिसवर हाय." ही माहिती मी पहिल्याच दिवशी विचारून घ्यावयास हवी होती.

प्रौढ व्यक्तीच्या वृक्कांत दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्याबरोबर लहान आकाराची प्रथिनेही खाली उतरतात. वृक्कनलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशी ती प्रथिने एंडोसोम नामक सूक्ष्म पिशव्यांत ओढून घेतात. या पिशव्यांत आम्लता निर्माण व्हावी लागते. प्रोटॉन आत ढकलले जात असता धनभार साचतो. तो तोलण्यासाठी ऋणभारित क्लोराइड आत यावे लागते. हे कार्य सीएलसी-५ या प्रथिनाचे आहे. क्लोराइड वाहिन्यांच्या कुळातील हे प्रथिन प्रत्यक्षात क्लोराइड व प्रोटॉन यांची अदलाबदल करते.

हे प्रथिन सदोष असल्यास लहान प्रथिने व कॅल्शियम मूत्रावाटे जातात, खडे होतात, वृक्कांत कॅल्शियम साचते, क्वचित मुडदूसही होतो. पुढे मध्यम वयात अनेकांचे वृक्क निकामी होतात. हाच डेंट रोग. डेंट व फ्रीडमन यांनी १९६४ मध्ये दोन मुलांच्या अभ्यासातून त्याचे वर्णन केले. १९९६ मध्ये त्याचे जनुक निश्चित झाले. ते एक्स गुणसूत्रावर असल्याने रोग मुख्यतः मुलग्यांत दिसतो. माता बहुधा निरोगी, मात्र तिचा भाऊ रुग्ण असू शकतो.

वातज, पित्तज व कफज अश्मरी प्रायः बालकांत होते, असे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात सांगितले आहे. सूत्रस्थानात आदिबलप्रवृत्त व्याधींचे मातृज व पितृज असे भेदही केले आहेत. ग्रंथांत क्लोराइड वाहिनी शोधण्याचा अट्टाहास नको. पण बालकाच्या अश्मरीत मातृकुळाची चौकशी करण्याची दिशा त्यांतून निश्चित मिळते.

याच कुळातील दुसरी वाहिनी, सीएलसी-केबी, नलिकेच्या पुढील भागात गाळलेले लवण परत रक्तात घेते. ती बिघडल्यास बार्टर सिंड्रोमचा एक प्रकार होतो: बहुमूत्रता, अतितृष्णा, खुंटलेली वाढ, रक्तात पोटॅशियमची न्यूनता व क्षारीयतेची वृद्धी. अशा बालकास लवणवर्ज्य पथ्य देणे घातक ठरते, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर विशेषच. यवक्षारासारख्या क्षारकल्पांनी क्षारीयता वाढते. यष्टीमधूच्या अतिसेवनाने पोटॅशियम आणखी घटते. चरकाचार्यांनी क्षार व लवण यांचा अतियोग निषिद्ध मानला. येथे मात्र लवणाचा हीनयोगच मारक होतो.

म्हणून वैद्यबंधूंना विनंती, की बालकात अश्मरी पुनःपुन्हा होत असल्यास मूत्रातील प्रथिने व कॅल्शियम, तसेच रक्तातील क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन दाखविते. ती निर्दोष आली तरी संशय असल्यास बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनची तपासणी करून घ्यावी आणि वृक्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे. औषधालयाच्या चालकांनीही लहान मुलासाठी खड्याचे औषध वारंवार नेणाऱ्या पालकांस 'तपासणी झाली का?' एवढे अवश्य विचारावे.

त्या मुलाच्या जनुकीय तपासणीत सीएलसी-५ चा दोष निश्चित झाला. तो आता वृक्करोगतज्ज्ञांच्या नियमित देखरेखीखाली आहे. त्याच्या धाकट्या भावाचे मूत्र मात्र आम्ही खडा होण्यापूर्वीच तपासले. माझ्या केसपेपरवर आता 'मातुल' असा स्वतंत्र रकाना आहे.