आश्रयनकाराचे न्यायालयीन पुनर्विलोकन

आश्रयनकाराचे न्यायालयीन पुनर्विलोकन : परकीय व्यक्तीने मागितलेले निर्वासित म्हणून संरक्षण शासनाने नाकारल्यास त्या निर्णयाची वैधता न्यायालयाने तपासणे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व अथवा राजकीय मत यांमुळे मायदेशी छळ होण्याची साधार भीती असलेली व्यक्ती, अशी निर्वासिताची व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. जेथे जीवित वा स्वातंत्र्य धोक्यात येईल तेथे निर्वासितास परत पाठवू नये, असे त्याचा ३३ वा अनुच्छेद सांगतो. चुकीने परत पाठविलेल्या व्यक्तीची हानी बहुधा भरून येत नाही. म्हणून या पुनर्विलोकनास विशेष महत्त्व आहे.

पुनर्विलोकन हे अपिलाहून भिन्न होय. अर्जदार खरोखर निर्वासित आहे की नाही, हे न्यायालय स्वतः ठरवीत नाही. त्यास बाजू मांडण्याची संधी मिळाली काय, महत्त्वाचा पुरावा विचारात घेतला गेला काय आणि कायद्याचा अर्थ बरोबर लावला गेला काय, एवढेच ते पाहते. दोष आढळल्यास निर्णय रद्द होऊन प्रकरण फेरविचारासाठी परत जाते. ऑस्ट्रेलियात संरक्षण व्हिसा नाकारला गेल्यास सामान्यतः प्रथम न्यायाधिकरणाकडे गुणदोषांवर फेरतपासणी होते आणि त्यानंतर अधिकारितेच्या चुकीच्या मुद्द्यावर न्यायालयात दाद मागता येते. इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८७ मध्ये, जीविताचा प्रश्न असेल तेथे निर्णयाची अत्यंत काटेकोर छाननी आवश्यक असल्याचे सांगितले.

केवळ प्रशासकीय छाननीवर विसंबण्यातील उणीव अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील एका प्रसंगावरून दिसते. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन व ऑस्ट्रियन पुरुषांना शत्रुदेशीय ठरवून तेथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत नाझी राजवटीच्या छळामुळे पळून आलेले ज्यूही होते; त्यामुळे नाझी पक्षाचे अनुयायी व त्यांच्या छळाचे बळी एकाच कुंपणात आले. माल्कम डार्लिंग यांच्या समितीने स्थानबद्धांची चौकशी केली आणि अनेक निर्वासितांची सुटका झाली. मुंबईच्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनचे साहाय्य या कामी मोलाचे ठरले. तथापि ही सुटका शासनाच्या इच्छेवर अवलंबून होती. १९४० मध्ये युद्धस्थिती बिघडल्यावर काहींना पुन्हा स्थानबद्ध व्हावे लागले. त्या काळी न्यायालयांचा आधारही दुबळा होता. लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन (१९४१) या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने मंत्र्याने स्थानबद्धतेसाठी मानलेल्या कारणांची वाजवीपणा तपासण्यास नकार दिला. लॉर्ड ॲटकिन यांचे विरोधी मत पुढे योग्य मानले गेले.

भारत १९५१ च्या कराराचा सदस्य नाही व येथे निर्वासितांविषयी स्वतंत्र अधिनियमही नाही. त्यामुळे पुनर्विलोकन मुख्यतः स्थानबद्धता व हद्दपारी यांच्या आदेशांविरुद्ध, संविधानाच्या ३२ व २२६ या अनुच्छेदांखालील रिट अर्जांद्वारे होते. परकीयांस घालवून देण्याचा शासनाचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर खटल्यात (१९५५) अनिर्बंध मानला. मात्र अनुच्छेद १४ व २१ यांचे संरक्षण ‘नागरिकां’पुरते मर्यादित नसून ‘व्यक्तीं’ना आहे. या आधारे चकमा निर्वासितांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तत्पूर्वी १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने मान्य केलेल्या एका इराणी निर्वासितास संरक्षण दिले होते. परत न पाठविण्याचे तत्त्व अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले. त्यास देशाच्या सुरक्षिततेची मर्यादाही घातली.

हा प्रवाह एकमार्गी नाही. रोहिंग्यांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हद्दपारीस अंतरिम स्थगिती नाकारली. मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याविना हद्दपारी करू नये, असे बजावले. १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाची जागा घेणारा अधिनियम १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्यानेही आश्रयाच्या अर्जाची स्वतंत्र पद्धती निर्माण केली नाही. ज्या निर्णयाची कार्यपद्धतीच ठरलेली नाही, त्यातील दोष न्यायालयास दाखविणे कठीण असते. परिणामी भारतात आश्रयार्थ्याचे संरक्षण प्रत्येक प्रकरणातील न्यायालयाच्या दृष्टिकोनावर मोठ्या प्रमाणात अवलंबून राहते.