प्रज्वलन स्विच, मोटारगाडीतील
मोटारगाडीच्या बॅटरीतील विद्युत् प्रवाह एंजिनाच्या प्रज्वलन मंडलास व अन्य उपकरणांस पुरविणे वा तोडणे आणि एंजिनास प्रथम गती देणारे स्टार्टर चलित्र चालू करणे ही कामे किल्लीने फिरविल्या जाणाऱ्या ज्या स्विचाने केली जातात, त्यास प्रज्वलन स्विच म्हणतात. जुन्या गाड्यांत या स्विचाचा बिघाड आणि गाडी उभी असताना बॅटरी उतरणे या दोन तक्रारी पुष्कळदा एकत्र आढळतात. मात्र दर वेळी एक दुसरीचे कारण असतेच असे नाही. त्यामुळे भाग बदलण्यापूर्वी क्रमवार तपासणी करणे आवश्यक असते.

इतिहास : आरंभीच्या गाड्यांची एंजिने हाताने दांडा फिरवून सुरू करीत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्यांनी विकसित केलेले विजेवर चालणारे स्टार्टर चलित्र १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आले. त्यानंतरही बरीच वर्षे प्रज्वलनाचा स्विच आणि स्टार्टरचे बटण किंवा ओढकळ ही वेगवेगळी असत. १९४९ मध्ये क्रायस्लर कंपनीने दोन्ही कामे एकाच किल्लीकडे दिली व पुढे ही पद्धत सार्वत्रिक झाली. चोरीस आळा घालण्यासाठी १९६० नंतरच्या दशकात सुकाणू-कुलूप प्रचारात आले आणि स्विचाचे स्थान दर्शकफळीवरून सुकाणूच्या दांड्याजवळ गेले.

रचना व कार्य : प्रज्वलन स्विचाचे दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे किल्लीचे कुलूप. हा केवळ यांत्रिक असतो. दुसरा भाग म्हणजे तांब्याचे वा पितळी संपर्क असलेला प्रत्यक्ष विद्युत् स्विच. काही गाड्यांत हे दोन्ही भाग एकत्र असतात, तर काहींत कुलूप वर व स्विच दांड्याच्या खालच्या बाजूस असून ते एका लोखंडी सळईने जोडलेले असतात. किल्ली सैलपणे फिरते पण काहीच घडत नाही, अशा वेळी ही सळई किंवा कुलपाच्या टोकाची जीभ तुटलेली असण्याचा संभव असतो.

किल्लीच्या सामान्यतः चार अवस्था असतात : बंद, उपसाधने (उदा., रेडिओ), चालू व आरंभ. आरंभ अवस्थेतून किल्ली सोडताच ती स्प्रिंगमुळे चालू अवस्थेत परत येते. जर्मन मानकानुसार बॅटरीकडून येणाऱ्या तारेच्या अग्रास ३०, प्रज्वलनाकडे जाणाऱ्या अग्रास १५ व स्टार्टरकडे जाणाऱ्या अग्रास ५० हे क्रमांक देतात. अनेक यूरोपीय गाड्यांत हे क्रमांक स्विचाच्या पाठीवर कोरलेले असतात व तपासणीस उपयोगी पडतात.

बिघाडाचे प्रकार : संपर्क उघडताना उडणाऱ्या ठिणगीमुळे त्यांचे पृष्ठ हळूहळू जळते व खडबडीत होते. जुन्या गाड्यांत पुढील दिव्यांसारखे मोठे भारही कधीकधी याच स्विचातून नेलेले असल्याने ही झीज लवकर होते. सैल जोडणीपाशी उष्णता निर्माण होऊन प्लॅस्टिकचे घर वितळते. किल्लीला जड जुडगा लटकत असल्यास कुलपाचे अंतर्भाग झिजतात.

लक्षणांवरून बिघडलेल्या संपर्काचा बराच अंदाज करता येतो. किल्ली आरंभ अवस्थेत असताना एंजिन पेट घेते, पण ती सोडताच बंद पडते, असे घडल्यास चालू अवस्थेचा संपर्क तुटलेला असतो, किंवा प्रज्वलन वेटोळ्याशी एकसरीत जोडलेला रोधक निकामी झालेला असतो. (एंजिन सुरू होताना या रोधकास वळसा घालून वेटोळ्यास पूर्ण दाब दिला जातो.) दर्शक दिवे लागतात पण स्टार्टर फिरत नाही, अशा वेळी आरंभ संपर्काबरोबरच बॅटरीची अग्रे व स्टार्टरचा रिलेही पाहावा लागतो. याउलट परतीची स्प्रिंग तुटल्यास एंजिन चालू झाल्यावरही स्टार्टर गुंतून राहतो व थोड्याच वेळात जळतो.

बॅटरी उतरण्याशी संबंध : स्विच आतून चिकटला, तर किल्ली काढून घेतल्यावरही प्रज्वलन मंडल जिवंत राहते. वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध ३ ओहम असल्यास १२ व्होल्ट दाबाने तिच्यातून ४ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ४० अँपिअर-तास धारणाशक्तीची बॅटरी सु. १० तासांत, म्हणजे एका रात्रीत, रिकामी होते. शिवाय वेटोळे तापून निकामी होते ते वेगळेच. मात्र हा प्रवाह संपर्क खंडकाचे पॉइंट मिटलेले असतानाच वाहतो. एंजिन थांबताना पॉइंट उघडे राहिले, तर त्या रात्री बॅटरी उतरत नाही. चार सिलिंडरांच्या एंजिनात पॉइंट साधारणपणे दोन-तृतीयांश काळ मिटलेले असतात. त्यामुळे हा दोष कधी दिसतो व कधी दिसत नाही आणि निष्कारण बॅटरी बदलली जाते.

स्विच निर्दोष असतानाही बॅटरी उतरू शकते. सामानकक्षातील ५ वॉटचा दिवा झाकण लावल्यावर विझला नाही, तर दिवसाला सु. १० अँपिअर-तास खर्च होतात. अल्टरनेटरचा एखादा डायोड गळका झाल्यास प्रवाह उलट दिशेने वाहतो. डायनामो असलेल्या गाडीत कटआउटचे संपर्क चिकटल्यास बॅटरीतून डायनामोमध्ये मोठा प्रवाह जातो. अशा वेळी बॅटरी तत्काळ सोडवावी लागते. जुनी बॅटरी स्वतःही अंतर्गत विसर्जनाने उतरते व उष्ण हवेत हा वेग वाढतो.

तपासणीची पद्धत : प्रथम बॅटरी पूर्ण भारित करून काही तास तशीच ठेवतात. सोडवलेल्या बॅटरीचा दाब सु. १२·६ व्होल्ट टिकून राहिल्यास दोष गाडीत असतो. तो आपोआप १२·२ व्होल्टपर्यंत घसरल्यास दोष बॅटरीतच असतो. यानंतर सर्व दिवे बंद करून, दारे लावून व किल्ली काढून, बॅटरीच्या सांगाड्यास जोडलेल्या अग्राची तार सोडवितात आणि अग्र व तार यांमध्ये १२ व्होल्टचा चाचणी दिवा जोडतात. दिवा प्रखर पेटल्यास गळती मोठी असते. तो न पेटल्यास किंवा मंद पेटल्यास त्याच जागी अँपिअरमापक जोडून सूक्ष्म मापन करतात. मापक जोडलेला असताना स्टार्टर कधीही फिरवू नये; शंभराहून अधिक अँपिअर प्रवाहाने मापक जळून जातो.

इलेक्ट्रॉनिक साधने नसलेल्या गाडीत घड्याळाखेरीज प्रवाह जवळजवळ शून्य असावा. ५० मिलिअँपिअर प्रवाहही दिवसाला १·२ अँपिअर-तास खातो व साधारण महिन्याभरात ४० अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ संपवितो. प्रवाह आढळल्यास फ्यूज एकेक करून काढतात. ज्या फ्यूजने वाचन खाली येते त्याच्या मंडलात दोष असतो. सर्व फ्यूज काढूनही वाचन कायम राहिल्यास फ्यूजविरहित मंडले, म्हणजे अल्टरनेटर, स्टार्टर व प्रज्वलन स्विच, क्रमाने तोडून पाहतात. सोडवलेली प्रत्येक तार निरोधक फितीने झाकावी लागते. प्रज्वलन मंडल तपासताना पॉइंट मिटतील अशा रीतीने एंजिन हाताने फिरवून घेणे अगत्याचे असते.

स्विचाच्या अग्रांवर व्होल्टमापक लावूनही निर्णय करता येतो. ३० या अग्रावर नेहमी बॅटरीचा दाब मिळाला पाहिजे; किल्ली बंद असताना १५ वर शून्य व चालू असताना जवळजवळ पूर्ण दाब मिळाला पाहिजे. चालू अवस्थेत दोन्ही अग्रांमधील दाबपात अर्ध्या व्होल्टच्या आसपास असल्यास संपर्क जळलेले समजावेत. किल्ली हलकेच हलविताना वाचन डळमळल्यास यांत्रिक झीज झालेली असते.

दुरुस्ती व दक्षता : जळलेले संपर्क घासून मिळणारा गुण तात्पुरता असतो; विद्युत् भाग बदलणेच श्रेयस्कर ठरते. मोठे भार रिलेमार्फत दिल्यास नव्या स्विचाचे आयुष्य वाढते. बॅटरी सोडविताना सांगाड्यास जोडलेले अग्र आधी व जोडताना शेवटी घेतात. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत हे अग्र धन असते, याची खात्री करून घ्यावी. भारणाच्या वेळी हायड्रोजन वायू निघत असल्याने जवळ ठिणगी पडू देत नाहीत. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी तोडल्यास डायोड निकामी होऊ शकतात. तारा परस्पर जोडून गाडी चालविणे धोक्याचे असते, कारण किल्लीवाचून सुकाणू-कुलूप चालत्या गाडीत अडकण्याचा संभव राहतो.

या लहानशा भागाचे महत्त्व दोन घटनांनी अधोरेखित केले. स्विचात मंडल-संक्षेप होऊन आगी लागल्यामुळे १९९६ मध्ये फोर्ड कंपनीने अमेरिका व कॅनडा येथील ऐंशी लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. २०१४ मध्ये जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट इ. गाड्यांत किल्ली चालू अवस्थेत धरून ठेवणारा खटका दुबळा असल्याचे उघड झाले. जड जुडग्याने वा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली सरकून एंजिन बंद पडे, सुकाणूचे व ब्रेकचे साहाय्य जाई आणि अपघातात हवापिशव्याही फुगत नसत. भरपाई निधीने या दोषामुळे झालेले १२४ मृत्यू मान्य केले.

भारतात प्रीमियर पद्मिनी व अँबॅसॅडर या दीर्घकाळ चाललेल्या गाड्यांचे उत्पादन थांबले असून मुंबईतील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेल्या. अशा जतन केलेल्या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या राहतात. त्यांच्यात बॅटरीजवळ स्वतंत्र तोडस्विच बसविल्यास गळती थांबते. परंतु त्यामुळे मूळ दोष नाहीसा होत नाही आणि जळका स्विच तसाच ठेवल्यास आगीचा धोका कायम राहतो.