लंगोटांचा हिशेब

पहाटे ५

इचलकरंजीत नळाला रोज पाणी येत नाही. आज आमच्या गल्लीचा दिवस. बॅरल, हंडे, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवायची. घरात आठ महिन्यांची लेक आहे, त्यामुळे पहिली बादली लंगोटांची. कापडी लंगोटांनी पैसे किती वाचतात, हे सगळ्या जणी विचारतात. पाणी किती लागतं, हे कुणी विचारत नाही, आणि आमच्या गावात तोच पहिला प्रश्न आहे. आम्ही लंगोट आधी थोड्या पाण्यात भिजत घालतो, मग साबण, मग दोनदा खळबळणं. शेवटचं पाणी संडासात ओतायला वेगळं काढून ठेवतो.

सकाळी ६:३०

हे रात्रपाळी करून मागावरून येतात. चहा झाला की लंगोट तेच धुतात. लेक व्हायच्या आधीच मी विचारलं होतं, "अहो, कापडी वापरायचे तर धुणार कोण?" आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तेव्हा ते रुचलं नव्हतं. आता शेजारणींना त्याच कौतुकानं सांगतात.

रिठ्याचं पाणी लोकरीच्या टोपड्याला चांगलं, पण शी झालेल्या लंगोटाला साबण आणि कडक पाणीच हवं. कपडे मऊ राहावेत म्हणून लोक जे सुगंधी द्रावण घालतात, ते मी लंगोटांना लावत नाही. त्यानं कापडाची पाणी शोषायची ताकद कमी होते. मऊपणा धुण्यानं येतो. वाळवायचे मात्र कडक उन्हात, पावसाळ्यात तर इस्त्री फिरवून.

सकाळी ८

आंघोळ. अंगाला घाण्याचं खोबरेल, साध्या हातानं. डाळीचं पीठ आत्या भिजवतात, पण घासायचं नाही. इतक्या लहान कातडीला घासणं सोसत नाही. आंघोळीनंतरची धुरी आम्ही बंद केली, कारण तो धूर थेट बाळाच्या छातीत जातो. काजळावरून घरात बरीच बोलणी झाली. तुपाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ शुद्ध, असं आत्यांचं म्हणणं. डोळ्यांत काहीच घालू नका, असं डॉक्टरांचं. शेवटी तीट तळपायाला लागली. घरचं आहे म्हणून निर्धोक आहे, असं मी कुठल्याच गोष्टीबाबत धरून चालत नाही.

सकाळी ९:३०

नाचणीची खीर. सहा महिने फक्त अंगावरचं दूध झालं, त्यानंतर हे सुरू केलं. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून मंद आचेवर भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे बऱ्याच जणींना ठाऊक आहे. मोडांचं काम तेवढं ठाऊक नसतं. मोड येताना धान्यात पिष्ट फोडणारं एन्झाइम तयार होतं, म्हणून मोडाच्या पिठाची खीर लगदा होत नाही. बाळाचं पोट मुठीएवढं. त्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि गिळताही येतं. वर अर्धा चमचा तूप. वर्षाच्या आत मीठ नाही, साखर नाही, आणि मध तर अजिबात नाही. मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे एवढ्या लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

सकाळी ११

लेक झोपली की मशीन. गावात कापडाला तोटा नाही. मागावरचं ग्रे कापड इथं गल्लोगल्ली निघतं, आणि कटपीस वजनावर मिळतात. नवख्या बाया तिथंच फसतात. माग चालताना धागा तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावलेली असते. ती खळ न काढता लंगोट शिवला तर पाणी वरच्या वर ओघळतं आणि बाळाच्या मांड्या सोलवटतात. मी कापड गरम पाण्यात रात्रभर ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, मगच कातरीखाली घेते. आत्यांच्या जुन्या सुती लुगड्याला हे काहीच करावं लागत नाही. वर्षानुवर्षं धुऊन ते आधीच तयार झालेलं असतं. म्हणून अंगाला लागणारा थर लुगड्याचा आणि मधले दोन कटपीसचे.

झबल्यांना बटण लावत नाही, बंद लावते. तुटलेलं बटण सरळ तोंडात जातं. चिंध्यांच्या बाहुलीचे डोळेही दोऱ्यानंच भरलेत. खुळखुळा मात्र विकत आणला. बाटलीत डाळ भरून करतात त्याचं झाकण निघालं तर डाळ घशात अडकू शकते, आणि वीस-तीस रुपयांसाठी मी ती जोखीम घेणार नाही. वाकळ आत्यांकडे. त्यांचा धावदोरा इतका बारीक की माझं मशीन त्याच्यापुढे ओबडधोबड वाटावं.

दुपारी २

जेवण, भांडी. लिंबाच्या साली, गूळ आणि पाणी यांचं फरशीचं पाणी मोरीत मुरतंय: एक वाटी गुळाला तीन वाट्या साली आणि दहा वाट्या पाणी, प्लास्टिकच्या डब्यात तीन महिने. सुरुवातीचा महिनाभर झाकण अधूनमधून सैल करायचं, नाहीतर गॅसनं डबा फुगतो.

दुपारी ३

आता नगावर घेतलेले परकर. हिशेबही याच वेळी होतो. डायपर दहा रुपयांच्या आसपास. दिवसाला सात धरले तर महिन्याला २,१०० रुपये. आम्ही रात्रीचा एक विकतचाच घालतो. तिची आणि आमची झोप मोडत नाही, आणि ओल्यात पडून पुरळही येत नाही. त्याचे ३०० आणि साबणाचे दीडशे गेले, तरी साडेसोळाशे हातात राहतात.

पण वहीत मी दुसरी ओळही लिहिते. धुणं, वाळत घालणं, घड्या, शिवण मिळून रोजचा दीड तास. तेवढ्यात माझे परकर शिवून झाले असते. घरी करा, पैसे वाचतात, असं सांगणारे हा दीड तास कुणाचा, ते सांगत नाहीत. तो एकट्या बाईच्या माथी पडला, तर ती बचत नव्हे, बिनपगारी पाळी आहे. आमच्यात धुणं ह्यांचं, घड्या आत्यांच्या, शिवण माझं. म्हणून मला हा हिशेब मान्य आहे.

संध्याकाळी ५:३०

पलीकडची पोर आली, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. दूध कमी पडतंय, डब्याचं परवडत नाही, घरीच काही करता येईल का, असं विचारत होती. मी तिला लंगोटाचं माप दिलं, झबल्याचा कागद दिला, पण दुधाचं घरचं काही सांगितलं नाही. एवढ्या बाळाला भाताची पेज किंवा पाणी घातलेलं गाईचं दूध म्हणजे पोट भरल्याचा भास. "उद्या सकाळी आशाताईंना घेऊन दवाखान्यात जा, मी येते सोबत," म्हटलं. खरं दूध कमी पडतंय की नुसती भीती आहे, ते वजन केल्याशिवाय कळत नाही.

रात्री ९

हे पाळीवर निघायच्या तयारीत. लेकीच्या नावानं पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं काढलंय. वर्षाला किमान २५० रुपये, तेही १५ वर्षं भरावे लागतात. आम्ही त्याहून बरेच जास्त टाकतो.

"लंगोटाचे सगळेच पैसे खात्यात टाकू," हे म्हणाले.

"निम्मे. निम्मे माझ्या ओव्हरलॉक मशीनला."

आत्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "आधी मशीन घे गं. ते आलं की खात्यात आपोआप पडतंय."

हे डबा उचलून म्हणाले, "मग रविवारी बाजारात भाव काढू." मी नाचणी भिजत घातली.