कोळशाच्या खाणीतील चाके

कोळशाची खाण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक काळोखे भुयार, डोईवर दिवा बांधलेला मजूर आणि केव्हा कोसळेल याचा नेम नसलेले छत उभे राहते. हे चित्र खोटे नाही. परंतु ते आता अपुरे झाले आहे. भारतात निघणाऱ्या कोळशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आज उघड्या खाणींतून, म्हणजे आकाशाखाली खणलेल्या विस्तीर्ण खड्ड्यांतून येतो. तेथे माथ्यावर छत नाही, म्हणून छताचे भयही नाही. त्याची जागा दुसऱ्या एका भयाने घेतली आहे, आणि ते चाकांवर फिरते.

आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलुखात कोळसा सापडत नाही. साऱ्या कर्नाटकातही कोळशाची खाण नाही. रायचूरच्या वीजकेंद्रात जळणारा कोळसा परराज्यांतून आगगाडीने येतो. मराठी मुलुखातील कोळसा आहे तो विदर्भात, वर्धा नदीच्या खोऱ्यात आणि नागपूरच्या आसपास. वरोऱ्याची खाण इंग्रजी अमदानीतच सुरू झाली होती. पुढे १९७३ साली देशातील बहुतेक कोळसाखाणी सरकारने आपल्या ताब्यात घेतल्या, १९७५ साली कोल इंडिया ही संस्था स्थापन झाली आणि तिची वेस्टर्न कोलफील्ड्स ही शाखा नागपुरास राहिली. घुग्घुस, सास्ती, पद्मापूर, उमरेड ही नावे आपल्या विद्यार्थ्यांनी भूगोलात वाचली असतीलच.

अशा खाणीत प्रथम वरची काळी माती आणि तिच्याखालचा खडक दूर करावा लागतो. सुरुंगाने फोडलेला खडक यांत्रिक फावडे उचलते आणि डंपर नावाच्या गाडीत टाकते. या गाड्यांपैकी कित्येक आपल्याच राज्यात, म्हैसूर येथील भारत अर्थ मूव्हर्स या सरकारी कारखान्यात तयार होतात. शंभर टन माल वाहणाऱ्या डंपरचे स्वतःचे वजन सुमारे सत्तर टन असते. म्हणजे भरलेली गाडी एकशे सत्तर टनांची झाली. माणसांनी भरलेली एस. टी. पंधरा टनांची धरली, तर अशा अकरा गाड्या एकत्र बांधून सोडल्यासारखे हे प्रकरण आहे. तिचे एकेक चाक पुरुषाच्या उंचीहून कितीतरी उंच, जवळजवळ पावणेतीन मीटर व्यासाचे असते.

आता असे वाटेल की एवढी मोठी वस्तू कोणाला दिसणार नाही? ती दिसते, तिच्यातील माणसाला मात्र आपण दिसत नाही. घराच्या गच्चीवर कठड्यापासून चार पावले मागे उभे राहून खाली पाहावे. रस्त्याच्या पलीकडची माणसे दिसतील, परंतु भिंतीला टेकून उभा असलेला सोबती दिसणार नाही. डंपरच्या चालकाची स्थिती नेमकी हीच असते. त्याची खोली उंचावर आणि एका बाजूस असते. त्यामुळे समोरच्या काही मीटरांचा पट्टा, पाठीमागचा भाग आणि दुसऱ्या बाजूचा फार मोठा भाग त्याच्या दृष्टीआड राहतो. एखादी जीप त्या आडोशाला उभी राहिली आणि डंपर सुटला, तर जीप चिरडल्याचे चालकाला पुष्कळदा धक्क्यानेही कळत नाही. म्हणूनच अनेक खाणींत लहान गाड्यांवर उंच काठी लावून तिच्या टोकाला निशाण व दिवा बांधतात. हा उपाय अगदी साधा आहे, आणि आमच्या मते महागड्या उपायांहून तो कमी मोलाचा नाही. पाठीमागे जाताना वाजणारा भोंगा, आरशांच्या जोडीला कॅमेरे, जवळ आलेल्या वस्तूची सूचना देणारी यंत्रे हे सर्व उपायही आहेत.

दुसरी जोखमीची जागा म्हणजे ढिगाऱ्याचा काठ. माती ओतण्यासाठी डंपर उलटा काठापर्यंत न्यावा लागतो. तेथे भक्कम बांध घातलेला नसेल, तर चालकाला काठ कोठे संपला ते कळतच नाही. शिवाय वर्धा खोऱ्यातील काळी चिकण माती पावसाळ्यात कशी होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावयास नको. काठ आपल्या वजनानेच खचतो. झारखंडात राजमहाल खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी ढिगाराच खाली आला. गाड्यांवर व यंत्रांवर काम करणारी माणसे त्या मातीखाली सापडली. २३ जणांचा अंत झाला.

तिसरी गोष्ट उताराची. निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदीचा घाट लागतो. भरलेला ट्रक तेथे कसा उतरतो ते सर्वांनी पाहिले आहे. खाणीच्या रस्त्याचा चढ सामान्यतः सोळास एक याहून अधिक नसावा, असा नियम आहे. सोळा मीटर चालल्यावर एक मीटर चढ, हे ऐकावयास किरकोळ वाटते. परंतु एकशे सत्तर टनांना सोळाने भागा: साडेदहा टनांहून अधिक ओढ त्या गाडीला अखंड खाली खेचत असते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी १५ मीटर पुढे गेलेली असते आणि थांबणे तेथून पुढे सुरू होते. म्हणून उतारावर गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवतात. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करण्याची जी सवय आपल्या घाटांतील काही चालकांना आहे, ती खाणीत प्राणावर बेतते. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारतात; तेही अधिक झाले तर चाक घसरते.

भुयारी खाणीतही चाके आहेत. दोराने ओढल्या जाणाऱ्या कोळशाच्या डब्यांचा दोर तुटला, तर ते उतारावरून सुसाट खाली येतात. यासाठी रुळांवर अडसर ठेवतात. आणि दुरुस्तीच्या वेळी डंपरची उचललेली पेटी आधार न देता ठेवली, तर तिच्याखाली काम करणारा मिस्त्री वाचत नाही.

आमची मायबोली कोंकणी. २०१२ साली गोव्यातील लोखंडाच्या खाणी बंद पडण्यापूर्वी सावर्डे-कुडचड्याच्या बाजूस खनिजाचे ट्रक गावच्या रस्त्यावरून धावत, आणि त्याच रस्त्यावरून मुले शाळेत जात. कोळशाच्या खाणीत निदान गावकरी त्या रस्त्यावर नसतात. असतात ते कामगारच.

या कामगारांत आता ठेकेदाराच्या माणसांची संख्या मोठी आहे. १९६६ च्या नियमांनी खाणीत पाऊल टाकण्यापूर्वी प्रशिक्षण आवश्यक ठरविले, २०१७ साली कोळसाखाणींची नियमावली नव्याने करण्यात आली. अमेरिकेतही २०२३ च्या डिसेंबरात फिरत्या यंत्रांसाठी प्रत्येक खाणमालकाने लेखी सुरक्षा-योजना करावी, असा नियम निघाला. नियमांची उणीव नाही. पाळी सुरू होताना चालकाने ब्रेक, भोंगा आणि दिवे तपासून नोंद करावयाची असते. परंतु चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात किंवा पहाटे तीन वाजता डोळे मिटू लागले असता, मजुरी जर खेपांवर ठरत असेल तर ब्रेक सैल असलेली गाडी नाकारणारा चालक आपल्या त्या दिवसाच्या खेपा गमावतो. आणि त्या खेपांची भरपाई कोणी करावी, याचा रकाना नोंदवहीत नसतो.