खलात घडणारे स्फटिक

मंगळवेढ्याच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या रानात पिकणारी मालदांडी ज्वारी जात्यात पडून तिचे पीठ झाले, म्हणजे दाणा तेवढा बारीक झाला, त्याच्या प्रकृतीत काही पालट झाला नाही, अशी आपली समजूत असते. पण ती सर्वस्वी खरी नाही. दाण्यातील पिष्टकणांत रेणूंची जी अंशतः स्फटिकमय रचना असते ती दाबाने व घर्षणाने ठिकठिकाणी मोडते, आणि असे मोडलेले कण पाणी अधिक शोषतात. पदार्थाचे रूप पालटायचे तर त्याला अग्नी द्यावा किंवा द्रावणात विरघळवावा, या दोन वाटांचीच रसायनशास्त्राच्या दप्तरी दीर्घकाळ नोंद होती. घोटण्याची तिसरी वाट हलक्या कामात जमा होती.

वैद्यांच्या खलात मात्र तिचा अंमल शतकानुशतके चालू होता. पारा आणि गंधक कोरडेच घोटत राहिले असता पाऱ्याची चकाकी लोपून काळी कज्जली सिद्ध होते, आणि उजेडात एकही चमकता कण दिसू नये, ती निश्चंद्र व्हावी, ही तिची कसोटी. हीच कज्जली काचकुपीत भरून वालुकायंत्रावर तापवली की तांबडा रससिंदूर मिळतो. दोन्ही पाऱ्याची सल्फाइडेच. परंतु काळ्यातील अणूंची मांडणी घनाकृती जातीची, तर तांबड्यातील निराळी, हे क्ष-किरणांनी दाखवले. पूर्वजांना सारेच ठाऊक होते असा दाखला यातून काढू नये. पारा विषारी आहे, हेही विसरू नये.

औषधांच्या बाबतीत ही मांडणी केवढी निर्णायक ठरते, हे १९९८ साली एड्सवरील रिटोनाव्हिरने दाखवून दिले. रेणू तोच असता त्याचे कमी विद्राव्य असे दुसरेच स्फटिकरूप अवचित प्रकटले आणि त्या कॅप्सूल बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. तेव्हा हवे ते रूप हुकमी कसे घडवावे, हा प्रश्न ऐरणीवर आला. औषधाच्या रेणूशेजारी दुसरा सोबती रेणू बसवून सहस्फटिक करण्याची एक तजवीज आहे. पण द्रावणात दोघांची विद्राव्यता भिन्न असली तर एक आधी खाली बसतो आणि दुसरा मागे राहतो. पोलादी भांड्यात दळणाऱ्या गोळ्यांसह दोन्ही भुकट्या वेगाने हलवल्या, वर द्रावकाचे चार थेंब टाकले, तर असा पंक्तिप्रपंच बहुधा उरत नाही, आणि द्रावकाची पिंपे वाचतात ती वेगळीच.

सांगलीच्या पेठेत जिची रास पडते त्या हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. पुढे २०१६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झालेले अश्विनी नांगिया यांनी हैदराबादेत सहकाऱ्यांसह २०११ साली कर्क्युमिन घोटून त्याचे दोन सहस्फटिक केले. जलमिश्रित अल्कोहोलात रेसॉर्सिनॉलबरोबरचा सुमारे पाचपट आणि पायरोगॅलॉलबरोबरचा सुमारे बारापट वेगाने विरघळला. पायरोगॅलॉल स्वतः विषारी असल्याने यातून थेट औषध हाती आले नाही. मार्ग दिसला, एवढे खरे.

खलातील चिमूटभर यश कारखान्यात न्यायचे कसे, याचे उत्तर शोधणाऱ्यांत पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीतून इंग्लंडातील ब्रॅडफर्ड विद्यापीठात गेलेले अनंत पारडकर आहेत. त्यांनी व रवींद्र धुमाळ आदी सहकाऱ्यांनी आयबुप्रोफेन आणि निकोटिनामाइड ही जोडी एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन मळसूत्रांमधून, द्रावकावाचून, अखंड धारेने दाबत नेली आणि पलीकडच्या तोंडाशी सहस्फटिक मिळवला. तो शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. माझ्या मते या विषयातील खरी कर्तबगारी येथे आहे, कारण भांड्यातील घोटणे थांबत-थांबत चालते आणि कारखान्याला खंड परवडत नाही.

घरच्या खलाने हे स्फटिक घडत नाहीत, पण त्यात औषधाच्या गोळ्या कुटल्या तर नुकसान मात्र होऊ शकते. पुष्कळ गोळ्यांचे आवरण औषध सावकाश सुटावे म्हणून चढवलेले असते आणि ते फोडले की दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. तेव्हा मुलांसाठी वा वृद्धांसाठी कोणतीही गोळी कुटण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला अवश्य विचारावे.